५५ इंची मिनी-एलईडी टीव्ही, चार महिने वापरून: ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट आणि आमचा हॉल

दिवाळीत घेतलेल्या मिनी-एलईडी टीव्हीला, म्हणजे ज्याच्या पडद्यामागे खूप बारीक बारीक दिवे असतात त्याला, आता चार महिने झालेत, तेव्हा म्हटलं आता लिहायला हरकत नाही, पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर सगळंच वेगळं लिहिलं असतं. कंपनीचं आणि मॉडेलचं नाव देत नाहीये. एक तर काही तक्रारी आहेत आणि त्या याच जातीच्या बहुतेक टीव्हींना लागू पडतात, एकट्या कंपनीच्या माथी मारण्यात अर्थ नाही, आणि दुसरं म्हणजे मॉडेल दर वर्षी बदलतं, पण आपला हॉल, आपली खिडकी आणि आपले डोळे तेच राहतात. मला जे सांगायचंय ते या तीन गोष्टींबद्दलच आहे.

आधी आमचा हॉल कसा आहे ते सांगतो कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पुण्यात सिंहगड रोडला दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके, बाल्कनी पश्चिमेला, दुपारी तीननंतर ऊन सरळ हॉलमध्ये येतं आणि टीव्हीच्या समोरच्या भिंतीवर पडतं. त्याच भिंतीवर ट्यूबलाइट. सोफा टीव्हीपासून नऊ-साडेनऊ फुटांवर. आईची खुर्ची मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी, म्हणजे टीव्हीला बऱ्यापैकी तिरकी. जुना ३२ इंची एलईडी अकरा वर्षं चालला, मग बॅकलाइटच्या, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांच्या, पट्ट्या एकेक करून गेल्या आणि खालचा अर्धा पडदा काळवंडला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचापेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा थांबलेले आम्ही शेवटी निघालो.

शोरूममध्ये काय होतं ते सगळ्यांनी बघितलेलं असतं. एका भिंतीवर पंधरा-वीस टीव्ही, सगळ्यांवर तोच व्हिडिओ, मधाची धार, रंगांचे फवारे, पोपट, समुद्र, फुलं. वर पांढऱ्या दिव्यांचा लखलखाट. बाबा आत शिरले, एक मिनिट उभे राहिले आणि सरळ बोट दाखवलं, "हा." तो तिथला सगळ्यात ब्राइट टीव्ही होता. मला आश्चर्य वाटलं नाही कारण माझीही नजर तिकडेच गेलेली. शेजारी एक ओएलईडी होता, ज्यात मागे दिवे नसतात, प्रत्येक पिक्सेल म्हणजे चित्राचा ठिपका स्वतःच पेटतो, किंमत जवळजवळ दीडपट, पण तो त्या उजेडात चक्क मंद वाटत होता, बाबा म्हणाले हा तर डल आहे, याला एवढे पैसे कशाला.

आता यात बाबांचं काहीच चुकलेलं नाही, कुणाचाही डोळा तेच करतो. शेजारी शेजारी ठेवून बघितलं की थोडासा जास्त उजळ असलेला पडदा "चांगला" वाटतो, जास्त उजळ नाही तर जास्त चांगला, हा फरक लक्षात घ्या. कारण उजेड वाढला की नुसता उजेड वाढत नाही. तेच रंग जास्त गडद, जास्त ताजे वाटायला लागतात, हंट नावाच्या रंगशास्त्रज्ञानं १९५२ मध्येच हे मांडलंय आणि आजही याला हंट इफेक्टच म्हणतात. आणि काळ्या-पांढऱ्यातलं अंतरसुद्धा, म्हणजे कॉन्ट्रास्ट, जास्त वाटायला लागतं. म्हणजे सिग्नल तोच, सिनेमा तोच, नुसता बॅकलाइट चढवला की रंगही भारी आणि कॉन्ट्रास्टही भारी असं डोळा आपणहून ठरवून टाकतो. वर शोरूममध्ये टीव्ही शॉप मोडवर असतात, त्यात ब्राइटनेस फुल, रंग फुल, आणि पांढऱ्यात निळसर झाक मुद्दाम घातलेली, कारण निळसर पांढरा आपल्याला जास्त स्वच्छ वाटतो, कपड्यांना नीळ घालतात ना, तेच तत्त्व.

सेल्समन मुलगा चांगला होता. मी म्हटलं जरा सिनेमा मोडवर टाकून दाखव, त्यानं दाखवलं, बाबांचा चेहराच पडला, "हे पिवळं काय झालं?" मग मी विचारलं वरचे दिवे बंद करता येतील का, तो म्हणाला सर पूर्ण फ्लोअरचं एकच स्विच आहे. इथेच खरं तर थांबायला हवं होतं, एखादा दिवस जाऊन कुणाच्या तरी घरी बघायला हवं होतं. पण दिवाळी तोंडावर, ऑफर संपत होती, आणि त्या उजेडात माझ्या स्वतःच्या डोळ्यांनाही बाबांचं म्हणणंच पटत होतं. घेतला.

खोक्यावर निट्सचा मोठा आकडा छापलेला असतो त्याबद्दल थोडं सांगतो. निट म्हणजे एका चौरस मीटरमागे एक कँडेला, पडद्यातून डोळ्याकडे किती उजेड येतो त्याचं माप. खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा पडद्याच्या छोट्याशा भागाचा असतो, म्हणजे काळ्या पडद्यावर एक पांढरा चौकोन दाखवला तर तो चौकोन तेवढा उजळतो. अख्खा पडदा पांढरा केला की आकडा खाली येतो, ओएलईडीत तर खूपच खाली येतो कारण सगळे पिक्सेल एकदम पेटवले तर वीज आणि उष्णता झेपत नाही, म्हणून टीव्ही स्वतःच आवरतं घेतो. आणि दुसरी गोष्ट, निट्स दुप्पट म्हणजे वाटणारा उजेड दुप्पट असं अजिबात नसतं. हार्वर्डच्या स्टीव्हन्स यांनी यावर खूप काम केलं, अंधारातल्या ठिपक्यासाठी डोळ्याचा हिशोब साधारण घनमुळाचा येतो, म्हणजे निट्स दुप्पट केले तर वाटायला सव्वापटच, आणि दुप्पट उजळ वाटायला हवं असेल तर निट्स आठपट लागतात. त्यामुळे १००० निट्स आणि १३०० निट्स यातल्या फरकासाठी कुणी जास्त पैसे मागत असेल तर मी देणार नाही.

सिनेमावाले तर किती कमी उजेडात काम करतात ते कळल्यावर मी थक्क झालो होतो. थिएटरच्या पडद्याचं डिजिटल सिनेमाचं प्रमाण ४८ निट्स आहे, फक्त अठ्ठेचाळीस! आपल्या नेहमीच्या टीव्ही प्रोग्रॅमचं प्रमाण १०० निट्स धरलेलं आहे. एचडीआर सिनेमे, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारे, साधारण १००० निट्सपर्यंत तयार केले जातात, पण तो आकडा चमचमत्या जागांसाठी, दिव्याची ज्योत, पाण्यावरचं ऊन, बाकीचं चित्र त्याच्या कितीतरी खाली असतं. मग थिएटरमध्ये ४८ निट्स पुरतात आणि आमच्या हॉलमध्ये दुपारी ४०० कमी का पडतात, तर याचं उत्तर टीव्हीत नाही, खोलीत आहे.

घरी आल्यावरची गोष्ट आता. इन्स्टॉलेशनला आलेल्या माणसानं टीव्ही भिंतीवर लावला, वायफाय जोडलं, पंधरा मिनिटांत एक्स्टेंडेड वॉरंटीचं विचारून गेला. पिक्चर मोडबद्दल एक अक्षर बोलला नाही, टीव्ही व्हिव्हिडवरच, म्हणजे सगळ्यात भडक मोडवर होता. लाखाच्या आसपासची वस्तू विकताना निदान एवढं तरी सांगावं की रात्री हा मोड वापरू नका, पण नाही. पहिले दोन दिवस सगळे खूश. शेजारचे बघून गेले. तिसऱ्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास बाबा रुमालाने डोळे पुसत बसलेले दिसले, म्हणाले पाणी येतंय, कपाळ दुखतंय. आई म्हणाली, "सगळ्या बायका आजारी असल्यासारख्या निळ्या दिसतायत रे, आणि साड्यांचा लाल रंग डोळ्यात घुसतो." आईचं दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आणि हे मला डॉक्टरांनी तेव्हा सांगितलेलं, जुनं पिवळट झालेलं भिंग काढून स्वच्छ भिंग बसवलं की निळा रंग एकदम जास्त दिसायला लागतो. म्हणजे ज्या निळसर पांढऱ्याने शोरूममध्ये बाबांना भुरळ घातली तोच आईला सहन होईना.

बाबांचे डोळे वेगळे. ७१ वर्षं, ऑपरेशन नाही, थोडा मोतीबिंदू आहे पण डॉक्टर म्हणतात अजून थांबा. वयानुसार डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं, साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या पोराच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो असं म्हणतात. म्हणून बाबांना दुकानात जास्त ब्राइट आवडला ते अगदी बरोबर होतं. पण त्याच मोतीबिंदूमुळे रात्री अंधारात समोर झगझगीत पडदा असला की उजेड डोळ्यात विखुरतो, आणि पाणी येतं. एकाच माणसाला दुपारी जास्त हवं आणि रात्री कमी हवं. रिव्ह्यूंमध्ये आकडे सगळे देतात पण बघणारा कोण आहे हे कुणी विचारत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. घरातला टीव्ही सगळ्यात जास्त तास बघणारी माणसं साठीच्या पुढचीच असतात.

एका रविवारी मी घरच्या घरी एक प्रयोग केला. तीन सेटिंग्ज करून ठेवली, नावं नाही सांगितली, नुसतं एक-दोन-तीन. एक म्हणजे व्हिव्हिड, बॅकलाइट फुल. दुसरं सिनेमा मोड पण बॅकलाइट बराच वर. तिसरं सिनेमा मोड, बॅकलाइट पाव. दुपारी साडेतीनला खिडकीचा पडदा न ओढता क्रिकेटची मॅच लावली आणि नंतर एका सिरीजमधला रात्रीचा, जवळजवळ अंधारातला प्रसंग. बाबा, आई, बायको, आणि नववीतला भाचा, सगळ्यांना विचारलं कुठलं आवडलं. मॅचला चौघांनीही एक नंबर सांगितला. अंधारातल्या प्रसंगाला कुणालाच काही धड दिसलं नाही, पण त्यातल्या त्यात परत एक नंबरच. मग रात्री साडेनऊला तेच परत, ट्यूबलाइट बंद, कोपऱ्यातला छोटा दिवा चालू. मॅचला बाबा, आई आणि बायको दोन नंबरवर आले, भाचा एक नंबरलाच चिकटून. अंधारातल्या प्रसंगाला बाबा आणि बायको तीन नंबर, आई दोन, आणि भाचा सुद्धा दोन म्हणाला, "मामा, एकमध्ये त्या माणसाच्या मागची भिंत धुरकट दिसते." त्यानं धुरकट हा शब्द वापरला तो मला फार आवडला, कारण तेच तर कॉन्ट्रास्टचं दुखणं आहे.

दुपारी काय होतं ते हिशोबानं सांगतो, अवघड नाहीये. समजा पडद्यावर ३०० लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पडतोय आणि पडदा त्यातला दोन टक्के इकडेतिकडे परत फेकतो. म्हणजे साधारण दोन निट्सचा एक पांढुरका थर अख्ख्या चित्रावर पसरला. आता ओएलईडीचा काळा म्हणजे पूर्ण शून्य, पिक्सेलच बंद, कागदावर कॉन्ट्रास्ट अनंत. पण दुपारी आमच्या हॉलमध्ये तो शून्याचा दोन होतो. त्याचा पांढरा २०० निट्स असेल तर कॉन्ट्रास्ट उरला शंभरास एक. आमच्या टीव्हीचा काळा आधीच शून्य नाही, पण पांढरा ४०० निट्सपर्यंत जातो, म्हणजे दोनशेस एक. अनंतवाला हरला आणि साधा जिंकला, केवळ खिडकीमुळे. म्हणून ज्यांचा टीव्ही दिवसा, उजेडात, बातम्या-क्रिकेट-सिरियलसाठी जास्त चालतो त्यांनी ब्राइटनेसला नंबर द्यावा, यात मला आता काही शंका नाही. दुपारी दीडला सुरू होणारी वनडे या टीव्हीवर बघणं म्हणजे सुख आहे, मैदानाचं हिरवं, सीमारेषेवरची सावली, सगळं दिसतं, जुन्या टीव्हीवर सावलीत गेलेला फील्डर गायबच व्हायचा.

रात्री मात्र पारडं पूर्ण फिरतं. माझा एक मित्र बाणेरला राहतो, त्याच्याकडे ओएलईडी आहे, नोव्हेंबरमध्ये एका शनिवारी रात्री त्याच्याकडे बसून एक अंतराळातला सिनेमा बघितला. दिवे बंद. पडद्याची कड कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते कळत नव्हतं, चांदण्या हवेत टांगल्यासारख्या. घरी येऊन तोच प्रसंग लावला. आमच्यात मिनी-एलईडी म्हणजे पडद्यामागे शेकडो झोनमध्ये वाटलेले बारीक दिवे, जिथे काळं तिथले दिवे मंद. पण झोन कितीही झाले तरी पिक्सेल लाखो आहेत, त्यामुळे एक चांदणी पेटवायची तर तिच्या आजूबाजूचा तळहाताएवढा भाग उजळतो. चांदण्यांभोवती धुकं. आणि सगळ्यात जास्त त्रास सबटायटलचा! काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती राखाडी ढग येतो, अक्षरं गेली की ढग जातो, डोळा परत परत तिकडेच. यावर मी सबटायटलचा रंग फिकट राखाडी केला आणि आकार एक पायरी कमी, बराच फरक पडला, ज्यांच्याकडे असा टीव्ही आहे त्यांनी हे आजच करून बघा.

आईच्या खुर्चीची गोष्ट राहिली. टीव्हीच्या पॅनलचे, म्हणजे आतल्या एलसीडी पडद्याचे, व्हीए आणि आयपीएस असे दोन प्रकार असतात, आमचं व्हीए आहे. समोरून बघितलं तर याचा मूळचा कॉन्ट्रास्ट चांगला असतो, तीन ते सहा हजारास एक, आयपीएस पॅनलचा हजाराच्या आसपास. पण व्हीए तिरकं बघितलं की काळा रंग राखाडी होतो आणि चेहरे फिके पडतात. आईला स्वयंपाकघराच्या दारातून नेमकं तेच दिसायचं, आणि ती बिचारी मला वाटतं महिनाभर काही बोललीच नाही, तिला वाटलं आपल्या डोळ्यांचंच काहीतरी असेल. शेवटी मी एकदा तिच्या खुर्चीत बसलो तेव्हा कळलं. हा टीव्ही घेताना मी सगळे आकडे बघितले आणि घरातलं माणूस कुठे बसतं हे बघितलं नाही, याची मला अजून रुखरुख आहे. आता फिरत्या आर्मचा वॉल माउंट लावून घेतलाय, संध्याकाळी तिच्या सिरियलच्या वेळी टीव्ही तिच्याकडे वळवतो.

सिरियलवरून एक आठवलं. आपल्या रोजच्या मराठी सिरियलमध्ये घर कायम लख्ख उजेडात असतं, रात्रीचा प्रसंग असला तरी. लोक याला नावं ठेवतात, मीही ठेवायचो. पण ही सिरियल संध्याकाळी सात-आठला, ट्यूबलाइट चालू, कुणी भाजी निवडतंय, कुणी अभ्यास करतंय अशा हॉलमध्ये बघितली जाते, तिथे काळोखे प्रसंग दाखवले तर कुणालाच काही दिसणार नाही. २०१९ मध्ये एका जगभर गाजलेल्या इंग्लिश सिरीजचा रात्रीच्या लढाईचा एपिसोड आला होता आणि कितीतरी लोकांनी तक्रार केली की काळ्या पडद्याशिवाय काही दिसलंच नाही. बनवणाऱ्यांनी तो अंधाऱ्या खोलीत, उत्तम मॉनिटरवर तयार केलेला, बघणारे दिवे लावून साध्या टीव्हीवर बघत होते. चूक कुणाची म्हणायची? मला विचाराल तर ज्याला लाखो घरांत दाखवायचंय त्यानं घरांचा विचार करायला हवा.

रात्रीसाठी मी एक उपाय केला आणि तो या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भारी निघाला. तपकीर गल्लीतून एलईडीची पट्टी आणली, ६५०० केल्विनची, साधी पांढरी, रंगीबेरंगी नाही, आणि टीव्हीच्या मागे चिकटवली, उजेड थेट डोळ्यात न येता मागच्या भिंतीवर पडेल अशी. पाचशे रुपयांच्या आत काम झालं. मागची भिंत मंद उजळली की पडद्यावरचा काळा रंग जास्त काळा वाटतो, सिनेमाच्या वरखालच्या काळ्या पट्ट्यांमधला राखाडीपणा जवळजवळ दिसेनासा होतो. टीव्ही तसाच आहे, मोजलं तर काळा तेवढाच भरेल, पण डोळा काळं-पांढरं ठरवतो ते आजूबाजूच्या उजेडाशी तुलना करून. भर उन्हात पडलेला कोळसा घरातल्या पांढऱ्या कागदापेक्षा कितीतरी जास्त उजेड परत फेकत असतो, तरी कोळसा काळाच दिसतो आणि कागद पांढराच. कोडॅकच्या बार्टलसन आणि ब्रेनमन यांनी १९६७ मध्ये हे नीट मोजून दाखवलं, की चित्राभोवती अंधार असला तर चित्राचा कॉन्ट्रास्ट कमी वाटतो आणि उजेड असला तर जास्त. म्हणून तर थिएटरसाठी गॅमा, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा किती गडद दाखवायच्या तो आकडा, २.६ ठेवतात, मंद उजेडाच्या खोलीसाठी २.४ आणि उजेडाच्या खोलीसाठी २.२. आमच्याकडे आता दिवसा २.२ आणि रात्री २.४ आहे. शिवाय डोळ्यात पाणी येण्याचा प्रकारही थांबला, कारण काळोखात एकटाच झगझगीत चौकोन राहत नाही.

आता मेन्यूबद्दल, आणि इथे बाबांनी मला शिकवलं. मेन्यूत "ब्राइटनेस" नावाचं जे असतं ते पुष्कळ टीव्हींमध्ये ब्राइटनेस नसतंच, ते काळ्या रंगाची पातळी ठरवतं. खरा उजेड "बॅकलाइट" किंवा तसल्याच कुठल्यातरी नावानं वेगळा असतो. आणि "कॉन्ट्रास्ट" म्हणजे पांढऱ्याची पातळी. मी एक दिवस हे शोधत बसलो होतो, ब्राइटनेस वाढवला की चित्र धुरकट का होतंय कळेना, तर बाबा म्हणाले, "अरे आमच्या ब्लॅक अँड व्हाइटला असंच होतं. ब्राइटनेसची फिरकी आधी पूर्ण खाली आणायची, पडदा काळा झाला की हळूहळू वर, काळ्याला काळा राहू द्यायचा आणि मग कॉन्ट्रास्ट चढवायचा." आमच्याकडे तेव्हा शटरचा टीव्ही होता, चॅनल एकच, दूरदर्शन, आणि बाबा बातम्यांच्या आधी हे रोज करायचे असं आई सांगते. चाळीस वर्षांनी तीच पद्धत, फक्त फिरकीच्या जागी रिमोट. आम्ही दोघांनी बसून एक काळी पायऱ्या-पायऱ्यांची टेस्ट इमेज लावली, सगळ्यात काळी पायरी मिसळून जाईल आणि तिच्या वरची जेमतेम दिसेल इथपर्यंत ब्राइटनेस आणला. मग ढगांच्या चित्रावर कॉन्ट्रास्ट, ढगातली घडी पुसली जाऊ लागली की दोन पायऱ्या मागे. एवढंच. पिक्चर मोड फिल्ममेकर, जो २०२० पासून टीव्हींमध्ये यायला लागलाय, त्यात रंग आणि चेहरे दिग्दर्शकाला हवे होते त्याच्या जवळपास राहतात. पहिले दोन-तीन दिवस पिवळट वाटेल, सगळ्यांनाच वाटतं, आठवडाभर राहू द्या, मग परत व्हिव्हिड लावून बघा, चेहऱ्यांवर चुना लावल्यासारखं दिसेल. बाबांना चार दिवस लागले.

लाइट सेन्सरबद्दल मात्र नाराज आहे. कल्पना उत्तम, खोलीतला उजेड बघून टीव्ही आपोआप कमीजास्त होतो, पण आमच्यात तो फारच घाईघाईनं खाली येतो, ढग आला की मॅच मंद, बाल्कनीतून कुणी गेलं तरी एकदा झालंय. बंद करून ठेवलाय. त्याऐवजी दोन मोड सेव्ह केलेत, एकाला दिवस आणि दुसऱ्याला रात्र म्हणतो, आईलाही रिमोटवरून बदलता येतं. विजेचं म्हणाल तर मी प्लगला मीटर लावून बघितलं, व्हिव्हिडला मॅच चालू असताना १५० वॉटच्या वर आकडा जातो, रात्रीच्या सेटिंगला साठ-सत्तर. रोज पाच-सहा तास टीव्ही चालणाऱ्या घरात हा फरक बिलात दिसतो.

टीव्ही कुणी घ्यावा? दिवसा उजेडात बघणारं घर, पश्चिमेची किंवा दक्षिणेची मोठी खिडकी, क्रिकेट-बातम्या-सिरियल, म्हातारी माणसं, तर डोळे झाकून मिनी-एलईडी, फक्त बसायच्या जागा समोर हव्यात किंवा माउंट फिरता हवा. रात्री दिवे घालवून सिनेमे बघणारे दोघंच असाल आणि खोली अंधारी करता येत असेल तर पैसे साठवा आणि ओएलईडीच घ्या, मिनी-एलईडीतलं सबटायटलभोवतीचं धुकं तुम्हाला कायम खुपणार. क्यूडी-ओएलईडी, म्हणजे ओएलईडीचाच एक प्रकार, बघत असाल तर एक लक्षात ठेवा, त्याचे रंग अप्रतिम असतात पण खोलीत उजेड असला की त्याचा काळा जांभळट-राखाडी दिसायला लागतो, तेव्हा दिवसा खिडकी उघडी असताना कुणाच्या घरी बघूनच ठरवा. शोरूममध्ये गेलात तर पेन ड्राइव्हवर स्वतःचा एखादा अंधारा प्रसंग आणि माणसांचे चेहरे असलेला व्हिडिओ न्या, पोपट आणि मध बघून काही कळत नाही, शॉप मोड काढायला सांगा, आणि टीव्ही एकेकटा बघा, शेजारच्याकडे न बघता.

माझ्याकडून दिवसासाठी पाचपैकी साडेचार, रात्रीसाठी तीन, मागे पट्टी लावल्यावर साडेतीन.

दुपारी चार ते साडेपाच या वेळात ऊन अजूनही थेट समोरच्या भिंतीवर येतं आणि तेवढा वेळ पडद्यात आमचा सोफाच दिसतो, त्यावर कुठलंच सेटिंग चालत नाही. जाड अस्तराचे पडदे शिवायला टाकलेत, पाडव्याच्या आधी देतो म्हणालाय टेलर. ते लागले की बाबांबरोबर बसून दिवसाचं सेटिंग परत पहिल्यापासून करायचंय.